चार बोटं करडी माती

करंजटेक, ता. वसमत
१० नोव्हेंबर २०२४

दीक्षा,

त्या दिवशी सकाळी मी चुलीवर पाणी ठेवलं, शेळीला पाला टाकला आणि तुझ्या बाबांचे भट्टीवरचे कपडे घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेले. ते कपडे मी घरच्या कपड्यांत कधी मिसळले नाहीत. त्यांच्यासाठी कढीपत्त्याच्या झाडाशेजारी वेगळा दगड होता. आधी सदरा झटकायचा, मग बुडवायचा. पाणी राखेसारखं करडं व्हायचं. तू ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होतीस. म्हणालीस, "माय, झटकू नको. तोंड बांध." मी म्हणाले, "तोंड बांधायला मी काय डॉक्टरीण हाय?" आतून तुझे बाबा हसले. मग चहा झाला, ते सायकल घेऊन गेले, मी ज्वारी निवडायला बसले. एवढीच ती सकाळ. पण हल्ली मला तीच आठवते.

पुढच्या वर्षी कढीपत्ता वाळला, तेव्हा मी वाळवीला दोष दिला.

जय भीम. पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळतं. पण तू फोन उचलत नाहीस. धाकटी आकांक्षा या पानांचे फोटो काढून तुझ्या गोव्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवेल. ती म्हणते, तुझं जहाज लांब गेलंय, पोचायला वेळ लागेल. लागू दे. लिहिलेला कागद न वाचता टाकून देणं तुला लहानपणीही जमलं नाही. पुडीचा कागदसुद्धा तू सरळ करून वाचायचीस. मी वाचायला शिकले ती तुझ्या मागे बसून.

तुझ्या बाबांच्या पुण्यानुमोदनाला तू सगळ्या गावासमोर उभी राहिलीस आणि सरपंच किसनरावांना म्हणालीस, तुमच्या मेव्हण्याच्या भट्टीनं माझा बाप खाल्ला. मी तुला "गप बस" म्हणाले. त्याला दोन वर्षं होऊन गेली. मी माफी मागायला हे लिहीत नाही. आजही मी तुला तेच म्हणेन. तुझ्याकडे राग होता, आणि तो खरा होता, पण हातात काही नव्हतं. तुझ्या बाबांची मूत्रपिंडं कशानं गेली हे डॉक्टरांनी लिहून दिलं नव्हतं आणि आता कुणी देणारही नाही.

तू गेल्यावर काय झालं ते सांगते. भट्टी बंद पडली. किसनरावांच्या मेव्हण्यानं जुन्या बॅटऱ्यांचा उरलासुरला माल आणि शिसं वितळवायच्या कढया ट्रकात भरून नेल्या, जागेवर लाल मुरूम अंथरला आणि पंचायतीची जागा पंचायतीला परत केली. जागा छान सपाट दिसायला लागली. तिथं गवत येत नाही, काटा येत नाही. त्याचंच लोकांना कौतुक.

आपल्या आकांक्षालाही ती जागा आवडली. तिची गोळाफेक तुला माहीत आहे. तिच्या पायांत जोर नाही म्हणून शाळेतल्या संगिता मॅडमनी तिला खुर्चीत बसून फेकायला शिकवलं तेव्हा तू होतीस. आता ती विभागात पहिली आली आहे. वसमतच्या धर्मसिंग वेल्डरनं तिला लोखंडी खुर्ची करून दिली. पायांवर, मांड्यांवर पट्टे, आणि खुर्ची हलू नये म्हणून चारी बाजूंनी साखळ्या. त्या साखळ्यांसाठी जमिनीत हातभर मेखा ठोकायच्या. रोज ठोकायच्या, रोज उपटायच्या, कारण ठेवल्या तर चोरीला जातात. आणि आपल्या पोरीला हाताला घाम येतो. गोळा निसटू नये म्हणून ती खाली वाकून माती चोळते, मग गोळा मानेला लावते.

दिवाळीच्या आधीपासून तिचं पोट दुखायला लागलं. मग मनगट. एक दिवस गोळा तिच्यापासून नेहमीच्या निम्म्यावर पडला. ती म्हणाली, "माय, गोळा जड झालाय का मी हलकी झाले?" आम्ही नांदेडला गेलो. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालेला नाही, पण जिथून येतंय ते आधी बंद करा. माझंही रक्त घेतलं. ते जाऊ दे.

आता मुद्दा. पंचायतीनं ठरवलं आहे की त्या जागेवर क्रीडांगण करायचं. खो-खो, कबड्डी, आणि आकांक्षासाठी पक्कं वर्तुळ. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव, त्याच दिवशी उद्घाटन. पाटी रंगवून झाली आहे. "कै. अमृतराव क्रीडांगण". तुझ्या बाबांचं नाव.

गावानं मान दिला आहे आणि मला तो नको आहे. असं कसं सांगू? मी म्हणाले, माती खराब आहे. किसनराव म्हणाले, "कमलबाई, आमी माती तपासून घेतली. बराबर आली. हा घ्या कागद." तो कागद मी वाचला. वरची माती घेतली होती त्यांनी. मुरूम.

तू समुद्राच्या तळाची माती काढतेस. वरची नाही, खालची. ती कशी काढतात ते मला कळव.

तुझी आई

—

करंजटेक
२८ नोव्हेंबर २०२४

दीक्षा,

तुझं उत्तर नाही. मी थांबले नाही.

द्वारकाबाई आणि मी मिळून खणलं. शेजारीण म्हणून ती आलीच असती, पण तिची नात शाळेत कबड्डी खेळते, म्हणून जास्त तावानं आली. कुदळ तिची. आता तुला तिची रीत माहीत आहे. जमिनीला लोखंड लावायच्या आधी ती जमिनीची पूजा करते. विहीर असो की गोठ्याची खुंटी. तेलात कालवलेला शेंदूर तिनं बोटानं मातीवर लावला, वर चार दाणे टाकले, हात जोडले. मी म्हणाले, "द्वारकाबाई, आपण इथं विहीर न्हाई पाडून राहिलो." ती म्हणाली, "तू नको मानू. पर कुदळ माही हाय." कुदळ तिची होती, म्हणून मी गप्प बसले.

वीतभर खाली गेल्यावर करडी माती लागली. मध्ये मध्ये बॅटरीच्या डब्याचे काळे तुकडे. पिशवी भरली. संगिता मॅडम स्वतः सुट्टी काढून प्रयोगशाळेत देऊन आल्या.

निकाल आला. शिसं इतकं की तिथल्या माणसानंच मॅडमना फोन केला. "मॅडम, यात लाल कण आहेत, तेल आहे. हा शेंदूर आहे. शेंदूर शिशाचाच करतात. हा नमुना आम्ही धरू शकत नाही." माणूस वाईट नव्हता. म्हणाला, पुन्हा आणा, नीट आणा, पंचांसमोर आणा.

पण गावात गोष्ट आमच्या आधी पोचली. पारावर किसनराव म्हणाले, "बायांनी देव तपासायला पाठवला. देवात शिसं निघालं." सगळे हसले. द्वारकाबाई दोन दिवस पाण्याला आली नाही. मी तिच्याकडे गेले तेव्हा भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "माह्या हातानं घात झाला." मी म्हणाले, "घात नाही झाला. आपल्याला एक गोष्ट नवी कळली. तुझ्या देवळीतली शेंदराची डबी आधी फेक." तिनं डबी फेकली नाही, पण नातीचा हात पुरणार नाही अशा जागी ठेवली.

आकांक्षा मेखा ठोकत नाही आता. घरी वाळूची पिशवी मांडीवर घेऊन हात चालवते. ती रडत नाही. ती वैतागते. ते बरं आहे.

विहारातल्या कपाटात समुद्रावरचं एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात लिहिलंय, खोल समुद्रात बोटभर गाळ साचायला हजारो वर्षं लागतात. मी ते वाक्य दोनदा वाचलं. तुझं काम मला पहिल्यांदा थोडं कळलं. तुला घाई का नसते हेही कळलं. पण मला आहे.

तुझी आई

—

करंजटेक
१७ डिसेंबर २०२४

दीक्षा,

दोन वर्षांनी आईला लिहिलंस, आणि पहिलं वाक्य काय? "शेंदूर शिशाचाच असतो, आई." ते आता आम्हाला माहीत आहे. तरी आकांक्षानं वाचून दाखवलं तेव्हा मी हातातलं पीठ तसंच ठेवून बसले. तिला म्हणाले, पुन्हा वाच. ती म्हणाली, "माय, शेंदराचंच तर हाय." मी म्हणाले, "वाच म्हणते ना."

आधी तू "माय" म्हणायचीस. आता "आई" लिहितेस. असू दे.

तू लिहिलेलं सगळं मी कागदावर उतरवून घेतलं आहे. आत प्लॅस्टिकचा पाइप, बाहेर लोखंडाचा. लोखंडाच्या तोंडाला धार. सरळ ठोकायचा, फिरवायचा नाही. वर काढल्यावर दोन्ही तोंडं लगेच बंद करायची आणि वरच्या टोकावर "वर" लिहायचं, नाहीतर सगळं उलटं वाचलं जातं. मग उभा चिरायचा. एक अर्धा भाग तपासणीला, दुसरा अर्धा कुणी हात न लावता जपून ठेवायचा, म्हणजे वाद झाला तर तो बोलतो. तुमच्या जहाजावर तसं करतात हे वाचून मला बरं वाटलं. दोघांत वाटून घेतलं की एकाला खोटं बोलता येत नाही.

आणि "पूजा करायची नाही" असं तू वेगळ्या ओळीत लिहिलंस. द्वारकाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला म्हणावं, हात तर जोडू दे. हाताला शिसं नसतं." मी तुझ्या वतीनं परवानगी दिली.

धर्मसिंगकडे गेले. तो म्हणाला, "ताई, समुद्रातला पाइप वसमतात? हुकूम करा." मी तू सांगितलं तसं त्याला विचारलं, "तुझ्याकडे बॅटऱ्यांचं काम होतं का?" तो म्हणाला, होतं, दुकानात. तिथलं शिसं लागू नये म्हणून पाइप त्यानं दुकानात केला नाही. वेल्डिंगचं मशीन हातगाडीवर घालून शाळेच्या मागे नेलं, नवीन पाइप आणला, तिथंच धार लावली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, खुर्ची माझी आहे, खुर्चीखालची जमीनपण माझीच समजा.

तू शेवटी विचारलंस, घरात बाबांचं भट्टीवरचं काही राहिलंय का. नांदेडच्या डॉक्टरांनीही विचारलं होतं. त्यांना मी नाही म्हणाले. तुझं उत्तर नंतर देते.

तुझी आई

—

करंजटेक
६ जानेवारी २०२५

दीक्षा,

निघाला.

पंच म्हणून ग्रामसेवक होते, संगिता मॅडम होत्या, आणि मी मुद्दाम किसनरावांना निरोप धाडला होता. ते येणार नाहीत असं सगळे म्हणत होते. ते आले, खुर्ची घेऊन आले आणि पाय पसरून बसले.

"कमलबाई, समुद्राचं शास्त्र हितं कोरड्यात काहून?"

मी म्हणाले, "समुद्राच्या खाली बी जमीनच हाय, भाऊ. पाणी फक्त वरून हाय."

ठोकायला रूपसिंग, धर्मसिंगचा भाऊ, आणि भागवत. भागवत किसनरावांचा पुतण्या, पण आकांक्षाच्या वर्गात होता. मुरमात पाइप जाताना दगडात जाईल तसा आवाज. मग एकाएकी मऊ गेला. धप. सगळ्यांना ऐकू आलं. किसनरावांनी पाय आवरून घेतले.

आत गेला, पण वर येईना. तुमच्या जहाजावर म्हणे मोठं यंत्र असतं ओढायला. आमच्याकडे बोअरची मोटार काढायची तिकाटी आहे. तीन बांबू, वर साखळीची कप्पी. भागवत घरून घेऊन आला. साखळी ओढताना द्वारकाबाई म्हणाली, "हात जोडू का?" मी म्हणाले जोड. ग्रामसेवकांनीही जोडले. पाइप करकरत वर आला, आणि तोंडाशी करडी माती दिसली.

वरच्या टोकावर "वर" मी लिहिलं. अक्षर वाकडं आलंय. फोटोत दिसेल.

मग पाइप उभा चिरला. वरून लाल मुरूम, वीतभर. मग करडा थर, चार बोटं जाडीचा, मध्ये काळे तुकडे आणि हिरवट खंगर, भट्टीतून निघतो तो. आणि त्याखाली आपली काळी माती, जशी शेतात असते तशी, ओलसर, वासाची. रेघ आखल्यासारखं वेगळं.

मी करड्या थरावर बोटं धरली. हातमोजे घालून, घाबरू नकोस. चार बोटं. तुझ्या बाबांनी तिथं चार वर्षं काम केलं. विहारातल्या पुस्तकातल्या समुद्राला बोटभर साचायला हजारो वर्षं लागतात. मला वाटलं, या थरात ते आहेत. रोज सकाळी सायकल लावून जाणारे, संध्याकाळी येऊन हात न धुता आधी आकांक्षाला उचलणारे. मला रडू आलं नाही. मी बोटं काढून घेतली आणि म्हणाले, सील करा.

अर्धा भाग मॅडम घेऊन गेल्या. अर्धा आपल्या घरी, माळ्यावर, जाड प्लॅस्टिकात.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून देत नाही. विसरले नाही.

तुझी आई

—

करंजटेक
२७ जानेवारी २०२५

दीक्षा,

काल ग्रामसभा झाली. झेंडावंदन, मुलांची गाणी, जिलेबी, आणि मग सभा. पाटी शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, वर कापड.

निकाल आदल्या दिवशी आला होता. मुरमात नावापुरतं. करड्या थरात इतकं की प्रयोगशाळेनं पत्र जोडलं, तिथं लहान मुलांना खेळू देऊ नका. काळ्या मातीत वरवर थोडं, खाली नाही. तू मेलवर आलेला आलेख पाहून लिहिलंस तसंच. संगिता मॅडमनी तुझं लिहिणं वाचून दाखवलं: "वरचा मुरूम स्वच्छ आहे, म्हणून वरची माती तपासली तर स्वच्छच येणार. मेख हातभर जाते. ती करड्या थरातून जाते आणि उपटताना तो थर वर आणते. माझ्या बहिणीच्या हाताला तो लागला."

किसनराव उठले. म्हणाले, "मागच्या टायमाला बी असंच झालं. शिसं निघालं म्हणून बोंब, अन् निघाला शेंदूर. आता काय गुलाल निघणार?"

एक-दोघं हसले. तेवढ्यात द्वारकाबाई उभी राहिली. तुला माहीत आहे, ती सभेत कधी बोलत नाही, पदर तोंडात धरून बसते. ती पुढे आली, मी आणलेला अर्धा पाइप टेबलावर होता, त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "शेंदूर माहा होता. कबूल. पर हा थर माहा न्हाई. हा कोणाचा ते तुमी सांगा, पाटील."

कुणी हसलं नाही.

मग मुलं पुढे आली. मॅडमनी त्यांना हात लावू दिला नाही, पण बघू दिलं. किसनरावांची धाकटी नात पाटलीणबाईंच्या कडेवरून वाकून विचारत होती, "आबा, हे काळं काय हाय?" ही नात रोज संध्याकाळी त्याच जागेवर तीनचाकी सायकल चालवते, सगळ्या गावाला माहीत आहे. आबांनी तिचे तळवे उलटेपालटे करून पाहिले. स्वतःच्या रुमालानं पुसले. स्वच्छ होते तरी पुसले.

मी तेव्हा बोलले. फार नाही. म्हणाले, माझ्या पोरीनं याच गावात, बापाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्याकडे बोट केलं होतं. मी तिला गप केलं, कारण हातात काही नव्हतं. आज हातात आहे, म्हणून मी बोट करत नाही. मला कुणाला तुरुंगात घालायचं नाही, ते बघणारे बघतील. मला त्या जागेला कुंपण पाहिजे आणि पोरांना दुसरी जागा पाहिजे. आणि माझ्या माणसाचं नाव त्या मातीवर टाकायचं नाही. टाकायचंच असेल तर चांगल्या मातीवर टाका.

किसनराव बसून होते. मग म्हणाले, "शाळेमागं माही पडीक हाय. अर्धा एकर. दगडं हायत, पर माती साफ हाय. ती घ्या." कुणीतरी मागून म्हणालं, "तपासून घ्या हो!" आणि यावेळी किसनरावही हसले. म्हणाले, "तपासा. तिचा तो पाइप आणा. पूजा करू नका फक्त."

ठराव झाला. हात वर करून, सगळ्यांचे. मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

रात्री आकांक्षा म्हणाली, "दीदीला लिही, आपण जिंकलो." मी म्हणाले, अजून तू कुठं जिंकलीस. ती म्हणाली, "ते माझं काम. हे तुझं होतं."

तुझी आई

—

करंजटेक
२ मार्च २०२५

दीक्षा,

छोटंच लिहिते. दगड वेचून जागा तयार झाली. धर्मसिंगनं मेखांऐवजी सिमेंटमध्ये कायमच्या कड्या बसवल्या, साखळी अडकवली की झालं. आकांक्षा आता हाताला मातीऐवजी खडूची भुकटी लावते. मॅडमनी आणली. मनगटाला जोर येतोय. तिचं रक्त उतरलं, डॉक्टर खूश. माझं तेवढं उतरलं नाही. आकांक्षानं तुला हे कळवलंच असेल, ती पोटात काही ठेवत नाही.

तू पुण्याला येते म्हणालीस. राज्य स्पर्धेला. जहाज वेळेवर लागलं तर.

मी कुणाला सांगितलं नाही. नाही आलीस तर लोकांना उत्तर द्यायला नको.

तुझी आई

—

करंजटेक
१८ मे २०२५

दीक्षा,

तू परत गोव्याला पोचलीस, कळलं. तू पुण्यात होतीस, म्हणून स्पर्धेचं काय सांगू? पण तू मोबाइलच्या भिंगात डोळा घालून होतीस. तुला दिसलं नाही ते सांगते.

शेवटच्या फेकीच्या आधी आकांक्षानं आपल्याकडे पाहिलं नाही. ती खाली वाकली, सवयीनं, आणि मातीपर्यंत हात नेला. मग थांबली. हात वर आणून खडू लावला. गोळा तिच्या मानेवरून सुटला तेव्हा मला कळलं, हा लांब जाणार, कारण तिच्या खांद्यानंतर मनगट निघालं, झटक्यानं, जसं पूर्वी निघायचं. गोळा सगळ्या खुणांच्या पलीकडे पडला. तुला वाटलं मी ओरडले. मी नव्हते ओरडले. ओरडली ती द्वारकाबाई. शेजारच्या जिल्ह्याच्या मुलींनी वळून बघितलं.

आणि तू "माय!" म्हणून मला मिठी मारलीस. आई नाही म्हणालीस. मी ते ऐकलं.

सोन्याचं पदक घेऊन आलो तेव्हा वसमतला एसटी स्टँडवर धर्मसिंग फुलं घेऊन उभा होता. ती खुर्ची एसटीच्या टपावर बांधलेली, आणि त्यानं आधी खुर्चीला हार घातला, मग पोरीला. आकांक्षा म्हणाली, "चाचा, खुर्चीनं नाही फेकला." तो म्हणाला, "पण हलली पण नाही ना?" किसनरावांनी पारावर पेढे वाटले. स्वतः नव्या जागेवरची पाटी सरळ करून घेतली, कारण एक बाजू खाली होती. त्यावर तुझ्या बाबांचं नाव आहे. उन्हात ते लांबून वाचता येतं. मी रोज सकाळी विहारात जाताना तिथून जाते. पूर्वी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन जायचे तोच रस्ता, थोडा पुढे.

तू आठ दिवस राहिलीस. त्या जुन्या जागेवरून करडी माती काढून निळ्या पिंपांत भरायला जिल्ह्याहून माणसं आली तेव्हा तूच त्यांच्याशी बोललीस. पाइपाचा आपला अर्धा भाग माळ्यावरून काढून तू त्यांना थर दाखवलेस, बोट ठेवून, हळू आवाजात, कुणाला न दुखवता. मी ओट्यावरून ऐकत होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू जे बोललीस तेच सगळं होतं. फक्त आता ते लोक लिहून घेत होते.

जाताना तू दारात म्हणालीस, "माय, तू अजून उत्तर दिलं नाहीस." मी म्हणाले, गाडी चुकेल. तू बॅग उचललीस आणि गेलीस. तुला उत्तर माहीत होतं असं मला वाटतं. माझ्या पेटीला तू त्या आठ दिवसांत हात लावला नाहीस. पेटीवर पांघरूण ठेवलं तरी आधी मला विचारलंस.

आता देते उत्तर.

शेवटच्या दिवशी तुझे बाबा कामावरून आले तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. सदरा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि आडवे झाले. दुसऱ्या दिवशी आपण त्यांना दवाखान्यात नेलं. तो सदरा धुवायचा राहिला. ते गेल्यावर मी धुतला नाही. धुतला असता तर त्यांचा वास गेला असता. मी तो पेटीत, माझ्या लुगड्यांच्या खाली ठेवला. कधीकधी काढायचे. तोंडाजवळ धरायचे. पुष्कळदा, खरं सांगायचं तर.

त्या सदऱ्यात तीच माती आहे हे मला मनातून कधीच कळलेलं होतं. पाइप चिरला त्या दिवशी तर डोळ्यांनी पाहिलं. तरी देववत नव्हता. थर चार बोटं असो की चार हात, माझ्याकडे एवढंच उरलं होतं.

पण तुझ्या बाबांचं नाव आता चांगल्या मातीवर आहे. पोरगी सोनं घेऊन आली. तू माय म्हणालीस. आणि डॉक्टर म्हणतात, मी अजून पुष्कळ वर्षं वाचू शकते, पुस्तकं. ही त्यांची थट्टा, पण मला आवडली.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पिंपवाली माणसं शेवटची खेप भरायला आली. मी तोंड बांधलं, हातमोजे घातले, पेटी उघडली, सदरा न झटकता प्लॅस्टिकात गुंडाळला आणि नेऊन त्यांच्या पिंपात ठेवला. झाकण लागेपर्यंत उभी राहिले. मग घरी आले, हात धुतले, सगळी लुगडी वेगळ्या दगडावर धुऊन उन्हात टाकली आणि आकांक्षासाठी चहा ठेवला.

तुझी माय